सातव्या प्रश्नापुढची खूण

खूण तिचीच होती, यात शंका नव्हती. तिच्या बरोबरच्या खुणेचं शेपूट नेहमी गरजेपेक्षा लांब जायचं, कुठं तरी निघालेल्या माणसाच्या घाईनं ओढल्यासारखं. महिन्यापूर्वी याच खुर्चीत बसून, मांडीवर पर्स सावरत तिनं अकरा प्रश्नांपुढे अकरा खुणा केल्या होत्या आणि खाली सही ठोकून दिली होती. आज डॉक्टरबाईंनी तोच कागद फायलीतून काढून तिच्यापुढे सरकवला. "रक्ताचे रिपोर्ट चांगले आलेत," त्या म्हणाल्या. "यकृत ठीक, चरबी ठीक, गरोदरपणाची चाचणी नाही म्हणतेय. गोळी वीस मिलिग्रॅमवरून चाळीसवर नेऊ या. पण डोस वाढवण्याआधी मी हा कागद पुन्हा वाचायला लावते. कंटाळवाणं आहे, माहितीये मला. तरी वाचा. काही बदललं असेल तर सांगा, नाही तर आजची तारीख घालून सही करा." आणि त्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे हात धुवायला गेल्या. ती वाचू लागली. यकृताचे आजार, नाही. गरोदर आहात का, राहण्याचा विचार आहे का, नाही आणि नाही. अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या, नाही. मग सातवा. तुम्हाला किंवा तुमच्या रक्ताच्या जवळच्या नात्यातल्या कुणाला नैराश्य किंवा इतर मानसिक आजार होता का? नाही, आणि पुढे ती लांब शेपटाची खूण. ती पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच तिच्या डोळ्यांपुढे एक पाठ आली. निळ्या बारीक फुलांच्या गाऊनमधली, भिंतीकडे तोंड केलेल्या बाईची पाठ. खांद्याजवळची शिवण उसवलेली. पाठ हलत नव्हती, नुसती होती.

बेसिनचा नळ बंद झाला. "पेन चालत नाहीये का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चालतंय." तिनं पेनाचं टोपण लावलं. "मी सही परवा केली तर चालेल?"

डॉक्टरबाई हात पुसत क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी कारण विचारलं नाही, हे तिला नंतर पुष्कळ वेळा आठवलं. "मला चालेल. घाई तुम्हालाच होती. गुरुवारी दहाला या. तोपर्यंत वीसच. आणि घरात जास्तीची पट्टी पडलीय म्हणून आपल्या मनानं दोन-दोन सुरू करू नका. माणसं करतात. मग इथं येऊन सांगतात, डॉक्टर, डोळे उघडत नाहीत, सांधे धरलेत."

"नाही करणार."

"आणि जेवणाबरोबरच घ्या. रिकाम्या पोटी ही गोळी नुसती पाहुणी येऊन जाते."

घाई तिलाच होती हे खरं. ती चौतीस वर्षांची होती आणि तिच्या हनुवटीवर, खालच्या ओठापासून जबड्याच्या कडेपर्यंत, पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर शोभतील अशी मुरमं होती. शोभतील हा आईचा शब्द. पंधराव्या वर्षी मुरमं पहिल्यांदा आली होती आणि विसाव्या वर्षी रीतसर गेली होती. मग एकतिसाव्या वर्षी, न कळवता परत आलेल्या भाडेकरूसारखी, पुन्हा येऊन बसली. या वेळी सामानसुमान जास्त, काही तर इतकी खोल की दाबलं की कानापर्यंत कळ जायची. दुसऱ्या कुणाच्या हनुवटीवर असती तर एवढं बिघडलं नसतं. पण ती एका श्रवण केंद्रात कानाची मशीनं बसवायची. दिवसभर तिच्यासमोर ज्यांना कमी ऐकू येतं अशी माणसं बसायची, आणि अशी माणसं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. एकटक, हावरेपणानं, काही निसटू नये म्हणून. इतर बायकांकडे कुणी असं बघितलं असतं तर त्यांनी पदराची नाही तर ओढणीची आठवण काढली असती. तिला मात्र त्याच नजरेपुढे हनुवटी उचलून, सावकाश, स्पष्ट बोलावं लागायचं. त्यात केंद्राच्या संचालकांनी एक टूम काढली होती. ओठांवरून बोलणं कसं ओळखायचं, हे शिकवणारी फिल्म करायची. आणि ओठ तिचे. "तुझं तोंड फार वाचनीय आहे," संचालक म्हणाले होते, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन गोरेमोरे झाले होते. चित्रीकरणाला दहा आठवडे होते. पडद्यावर नाकाच्या शेंड्यापासून गळ्यापर्यंतचाच भाग दिसणार होता. म्हणजे सगळी वस्तीच.

गोळी मात्र तिला आवडली होती. आवडली म्हणजे तिचं नवल वाटायचं. दुपारी ब्रेडला लोणी लावून त्याबरोबर एक कॅप्सूल गिळायची, आणि पोटात काय घडतं कोण जाणे, पंधरा दिवसांनी ओठांची सालं निघू लागतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, एकदा शिंकताना नाकातून रक्ताचा थेंब येतो. दुसऱ्या आठवड्यात तर मुरमं चवताळून दुप्पट झाली होती. तसं होईल हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तिला त्याचा राग आला नाही. उलट आरशात बघताना एखाद्या वेळापत्रकाप्रमाणे आलेल्या गाडीकडे बघावं तसं वाटलं. आपण आपल्या अंगात राहतो, पण घरमालकाला न कळता किती पाइप, किती नळ, किती चोरवाटा या इमारतीत आहेत, हे तिला या महिन्यात कळलं. आणि आज, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, एक नवीन प्रश्न पडला. एवढी चोरवाटेनं हिंडणारी वस्तू हनुवटीपर्यंत जाते, तर डोक्यापर्यंत का नाही जाणार? आणि तिथं तिला काय सापडेल?

केंद्रात पोहोचल्यावर तिनं पहिल्या आजींना आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. काचेबाहेर आपल्या यंत्रापाशी बसून ती एकेक शिट्टी सोडू लागली. आजी समोर बघत शांत बसल्या होत्या. थोडा वाढवला. काही नाही. आणखी थोडा. आजींचा अंगठा हलला. हा काठ तिला फार आवडायचा, ऐकू न येणं संपून ऐकू येणं सुरू होतं तो काठ. आलेखावर तिथं ती ठिपका द्यायची. पण आज ठिपका देताना तिला दिसली ती दहा वर्षांची मुलगी, जी बेडरूमच्या दारात उभी राहून, आत न जाता, "आई" म्हणायची. आधी अगदी हळू. मग जरा मोठ्यानं. मग जेवायला हाक मारावी तितक्या मोठ्यानं. निळ्या फुलांची पाठ हलायची नाही. मुलीनं शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्याची नोंदही ठेवली होती, सोमवार तीन हाका, मंगळवार पाच. आणि शेवटी तिनं शेजारच्या मैत्रिणीला गुपित सांगितलं होतं की आमची आई बहिरी झालीय. पुढे ती या धंद्यात आली तेव्हा कुणी विचारलं की हेच का निवडलंस, तर ती सांगायची, मार्क तेवढेच पडले म्हणून. तेही खोटं नव्हतं. घरात त्या आजाराला एक शब्द होता, आणि तो बाबांनी दिला होता. अशक्तपणा. आईला अशक्तपणा आलाय, दंगा करू नका. मावशी राहायला आली, तिनं वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया वर चढल्या, तीही म्हणायची, अशक्तपणा आहे गं, जाईल. आई लोहाच्या गोळ्या घ्यायची, तपकिरी बाटलीतल्या. लोहानं अशक्तपणा जातो हे तर शाळेच्या पुस्तकातही होतं. म्हणजे सगळं जुळत होतं. मग महिन्यापूर्वी त्या कागदावर तिनं खोटं लिहिलं होतं का? तिला प्रामाणिकपणे वाटलं, नाही. तिच्या भाषेत तो प्रश्न तिच्या आईला लागूच होत नव्हता. पण मग आज ती पाठ का आली? काचेपलीकडे आजी अंगठ्यानं बटण दाबत राहिल्या होत्या. ती केव्हाची आवाज सोडायचं विसरली होती. आजी नसलेले आवाज ऐकत होत्या, आणि खूश दिसत होत्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसून कुणाची तरी पँट आखूड करत होती. बाबा गेल्यापासून त्या दोघीच राहायच्या, आणि आईनं शिवणाच्या दुरुस्त्या घ्यायला सुरुवात केली होती. गरज म्हणून नव्हे, हात रिकामे राहिले की ते माझ्याच अंगावर धावून येतात, असं ती म्हणायची. तोंडात टाचण्या धरूनच ती बोलायची आणि एकही शब्द अडखळायचा नाही. "आलीस? काय म्हणाली तुझी मुरमांची डॉक्टरीण? वाढवली का मात्रा?"

"अजून नाही. एक कागद भरायचाय."

"चेहरा काय, धुऊन टाकला की झालं. कागद कसले भरायचे त्याला!"

ती समोर बसली. घरातलं जुनं झालेलं काही विचारायचं तर सरळ विचारावं, नाही तर आई मध्येच पळवाट काढते हे तिला माहीत होतं. "आई, मी दहा वर्षांची असताना तू आजारी होतीस. तेव्हा काय झालं होतं तुला?"

आईनं शिवण खाली ठेवली नाही. तिनं तोंडातली एक टाचणी काढली आणि उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या टाचण्या संपल्यावर ती म्हणाली, "अशक्तपणा."

"सहा महिने?"

"एखाद्याचा लांबतो."

"गोळी वाढवायची तर घरातले आजार लिहून द्यायचेत. म्हणून विचारलं."

"मुरमांच्या गोळीला माझ्या डोक्याशी काय घेणंदेणं?"

डोक्याशी. तो शब्द दोघींनी एकदमच ऐकला. डोक्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. खाली रस्त्यावर कुणी तरी मोटार मागे घेत होतं आणि तिचा आवाज टीं-टीं-टीं असा वर येत राहिला, तो थांबेपर्यंत आई पँटच्या दुमडीकडे बघत होती. मग तिनं चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती एकदम कुणी तरी दुसरीच बाई दिसायची, तरुण आणि उघड्यावर पडलेली.

"त्याला नाव होतं," आई म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तुझ्या बाबांनी मला कागद दाखवलासुद्धा नाही. घाबरले. वाईट नव्हते गं ते, पण फार भित्रे. गोळ्या लोहाच्या बाटलीत भरून ठेवायचे, तुम्हा पोरांना कळू नये म्हणून. आधी अर्धी, मग एक, मग दीड, असं डॉक्टर वाढवत नेत होते. मला बरं वाटायला लागलं. कुणाच्या तरी लग्नात मी हसले. हसले ते यांनी बघितलं आणि घरी आल्यावर म्हणाले, झालं की आता, कशाला विष घ्यायचं. बंद केल्या. एका दिवसात. डॉक्टरांना न विचारता. ते सहा महिने त्याच्यानंतरचे."

एवढ्या वर्षांत तिनं त्या सहा महिन्यांना आकाशातून पडलेलं काही तरी समजून ठेवलं होतं, आणि त्यांना तर साधं कारण होतं, तारीख होती, लग्न होतं. तिला वाईट वाटण्याआधी कुतूहल वाटलं आणि त्या कुतूहलाची लाज वाटली. तरी तिनं विचारलंच, "मी दारात उभी राहून हाका मारायची. तुला ऐकू यायच्या?"

"सगळ्या," आई म्हणाली. "पहिली, हळू असायची ना, तीसुद्धा. मी ओ द्यायला तोंड उघडायची. पण तोंड आणि आवाज यांच्यामध्ये... काय सांगू, एक जिना होता. चढवत नव्हता." तिनं चष्मा पुन्हा लावला, नाक ओढलं, आणि आवाज एकदम बदलला. "पण कागदावर लिहू नकोस."

"आई..."

"लिहू नकोस म्हणते ना. कागदावर आलं की राहतं. उद्या तुझ्या नावापुढे येईल, परवा तुझ्या धाकट्या भावाच्या पोरांच्या नावापुढे. माझं दुखणं आहे ते, मी भोगून संपवलं. तुझ्या हनुवटीसाठी मी ते परत बाहेर काढायचं? करायची असेल तर कर सही, नसेल तर सोड ती गोळी. चेहरा काय चाटायचाय!" आणि तिनं एकेक करून सगळ्या टाचण्या परत तोंडात धरल्या, म्हणजे बोलणं संपलं.

बुधवारी सकाळी तिनं दात घासताना आरशात हनुवटीकडे बघितलं आणि लक्षात आलं की आपण हनुवटीकडे बघतच नाही आहोत, तिच्या मागं काय आहे ते बघतोय. आईनं पहिलीत तिला बाराखडी शिकवताना म्हणून घेतलं होतं, कवर एक मात्रा के, कवर दोन मात्रा कै. डोक्यावरच्या एका तिरक्या रेघेनं उच्चार बदलतो, अक्षर तेच राहतं. गोळीची मात्रा वाढण्याचंही तसं काही असेल का? ती तीच राहील आणि उच्चार बदलेल? की तो आधीच बदललाही आहे? गेल्या महिन्यात ती दोनदा विनाकारण चिडली होती, एकदा बसमध्ये, एकदा धाकट्या भावावर फोनवर. एका रविवारी दुपारभर तिला कशातच गोडी वाटली नव्हती. हे गोळीचं होतं, की आईकडून आलेलं होतं, की रविवारचं होतं? प्रत्येक भावनेला खाली लेबल असतं तर किती बरं झालं असतं, हा राग अमुक कारखान्याचा, ही मरगळ तमुक. सही करून टाकावी, असं तिला वाटलं. बहुतेकांना काही होत नाही. आईचा शब्द राहील, फिल्म होईल, हनुवटी निवळेल, आणि एका खुणेनं कुणाचं काय जातंय? पण लगेच तिला हेही दिसलं की बाबांनी नेमकं असंच म्हटलं असणार. तेही वाईट नव्हतेच.

अकराला मास्तर आले. निवृत्त भूगोल शिक्षक, दोन्ही कानांना मशीन, सोबत सून. सुनेची तक्रार होती की मशीनचा आवाज वाढवून द्या, घरात चारदा सांगावं लागतं. मास्तरांची तक्रार उलटी होती, की चमचा पडला तरी तोफ उडते. तिनं यंत्राला जोडून बघितलं. वाढवायला जागा होती, पण एकदम नव्हे. "आत्ता दोनच पायऱ्या चढवते," तिनं सुनेला सांगितलं. "तीन आठवड्यांनी आणखी दोन. एकदम वाढवलं तर हे मशीन डब्यात जाईल आणि डबा कपाटात." सून म्हणाली, तेवढा वेळ आहे कुणाला. मास्तर त्यातलं काही न ऐकता तिच्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "मुली, तुझे प आणि ब बिघडलेत."

"काय?"

"ओठ मिटत नाहीस तू पूर्ण. महिनाभर बघतोय. प म्हणतेस तो फ दिसतो. आज तर 'आठवडे' आणि 'वाढवते' सोडून मला काही कळलंच नाही."

तिनं नकळत ओठांवर बोट ठेवलं. सालं निघालेले ओठ मिटले की चुरचुरायचे, म्हणून ते अर्धवटच मिटत असणार. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ऐकू येणाऱ्यांना कळणारच नव्हतं. "औषध चालू आहे," ती म्हणाली. "ओठ कोरडे पडतात."

"असं होय! मला वाटलं, बोलायचा कंटाळा आलाय. बोलतेसही कमी. आधी मला हवेची, राजकारणाची, सगळी बातमी द्यायचीस." मास्तर हसले. "मी आपला घरी जाऊन म्हणालो, मुलगी कुठं तरी निघून चाललीय."

ते सहज बोलले होते. पण दुपारभर ते वाक्य तिच्याबरोबर राहिलं. ती कमी बोलत होती, कारण ओठ चुरचुरत होते. असंच असणार. नव्याण्णव टक्के असंच. तरी ते मास्तरांना बाहेरून दिसलं होतं आणि तिला आतून दिसलं नव्हतं, ही गोष्ट काही केल्या छोटी होईना. माणूस निघून चालला, तर सगळ्यांत शेवटी कळतं ते त्यालाच. गोळीची घाई करायची नाही असं ठरवून चार वाजता ती संचालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "फिल्मच्या तारखेपर्यंत माझा चेहरा साफ होणार नाही. चालत असेल तर आहे त्या तोंडानं करू, नाही तर दुसरं तोंड बघा." संचालकांनी फायलीतून मान वर केली. "चेहरा साफ म्हणजे?" त्यांनी खरोखरच न कळून विचारलं. ती बाहेर आली तेव्हा तिला हसू येत होतं आणि थोडं रडूही. तीन वर्षं ती ज्या गोष्टीच्या आड उभी होती, ती त्या माणसाला दिसलीच नव्हती.

त्या संध्याकाळी आई तिच्याशी पँट आणि बटणं यांच्यापलीकडे काही बोलली नाही. तिनंही विषय काढला नाही. मात्र झोपायला जाताना ती म्हणाली, "मी उद्या खरं लिहिणार आहे. तुझं नाव नाही लिहीत. रक्ताच्या नात्यातलं कुणी, एवढंच." आईनं दिवा मालवला.

गुरुवारी साडेनवाला ती चपला घालायला दारात आली तर आई आधीच तिथं उभी होती. बाहेर जायचे कपडे, केस विंचरलेले, हातात ती फक्त लग्नकार्याला निघणारी काळी पर्स. "बघतेस काय?" आई म्हणाली. "रक्ताच्या नात्यातलं कुणी म्हणजे काय, पोस्टातलं बेवारस पार्सल आहे का मी? तुला काय माहितीये त्यातलं? तू दारात होतीस. आत मी होते." वाटेत बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत राहिली आणि पर्सचं क्लिप उघडत-मिटत राहिली.

डॉक्टरबाईंनी दुसरी खुर्ची ओढून दिली. आईनं सगळं सांगितलं. आधी घसा खाकरून, वकिलापुढे द्यावी तशी जबानी. मग हळूहळू स्वतःशी बोलावं तसं. त्या आजाराचं नाव तिनं उच्चारलं तेव्हा तिचा आवाज मुळीच पडला नाही, उलट जरा जास्तच मोठा झाला, शेजारच्या खोलीत कुणी असेल तर त्यालाही कळावं एवढा. डॉक्टरबाईंनी मध्ये फक्त वर्ष विचारलं आणि लिहून घेतलं. मग सातव्या प्रश्नापुढची खूण त्यांनी तिला खोडायला लावली, बाजूला तारीख घालून.

"म्हणजे आता गोळी बंद?" तिनं विचारलं. आपल्याला याचं उत्तर काय हवं आहे, हे तिला त्या क्षणी ठाऊक नव्हतं.

"नाही. बंद करण्यासारखं काही झालेलं नाही. या गोळीनं मन बिघडतंच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. खूप जणांना उलट बरं वाटतं, चेहरा निवळला की. पण थोड्यांना त्रास होतो, आणि ते थोडे कोण, हे आधी कळत नाही. म्हणून रस्ता तोच, गाडी हळू. चाळीस नको, तीस. महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी मला भेटायचं. तुम्ही हो म्हणालात तर मी माझ्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांशी एकदा बोलून ठेवते. पोटात एकूण जितकं जायला हवं तितकंच जाईल, फक्त दोन-तीन महिने जास्त लागतील." मग त्यांनी पेन आईकडे वळवलं. "झोप उडाली, भूक गेली, कशातच रस वाटेना, जीव नकोसा वाटायला लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी मला फोन, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. हे मी सगळ्यांना सांगते. पण तुम्ही मला सांगा, सुरुवात कशी असते? तुम्हाला पहिल्यांदा काय जाणवलं होतं?"

हा प्रश्न आईला कुणी विचारलेला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं पर्सचं क्लिप मिटलं. "लोकांना वाटतं, रडू येतं," ती म्हणाली. "रडू बिडू काही नाही. पहिल्यांदा चहा गार झालेला कळायचा नाही. म्हणजे कळायचा, पण त्याचं काही नाही. गार तर गार. मग कपडे. कपाट उघडायचं आणि उभं राहायचं. कुठलाही घातला तरी काय, असं. माणूस दुःखी नसतो हो तेव्हा. त्याचं मत जातं. कशाबद्दलच मत उरत नाही."

डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांनी ते शब्द आईनं उच्चारले तसेच लिहिले, आणि लिहून झाल्यावर म्हणाल्या, "हे मी माझ्या इतर पेशंटनाही विचारत जाईन. मत आहे का अजून." आई जरा ओशाळली आणि जरा फुगली. मग त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. घरातली लक्ष ठेवणारी व्यक्ती. गेल्या महिन्यात ती ओळ कोरी राहिली होती. आईनं काळ्या पर्समधून स्वतःचं पेन काढलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं, शाळेच्या दाखल्यावर लिहावं तसं.

घरी परतेपर्यंत दुपार झाली होती. ती ब्रेडला लोणी लावत असताना तिच्या मनात आलं, आईला विचारावं, मग तू उठलीस कशी? आणि तिनं विचारलंही. आई म्हणाली, "खरं सांगू? माहीत नाही. गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, मावशीनं तुझ्या बाबांशी भांडून केल्या. त्यानंच असेल. पण मला आठवतं ते एवढंच, की एका सकाळी मावशी तुझ्या वेण्या घालत होती आणि मला वाटलं, किती वाईट घालते ही." आई हसली. तीही हसली, आणि हसताना खालचा ओठ चिरला, तिनं जिभेनं रक्त चाटलं, खारट. मग तिनं नव्या पाकिटातली दहाची एक आणि जुन्या पट्टीतली वीसची एक, अशा दोन कॅप्सूल तळहातावर घेतल्या. एक गडद लाल, दुसरी फिकट. त्या जरा घरंगळल्या आणि एकमेकींना चिकटून थांबल्या. काय होईल, ते तिला माहीत नव्हतं. हनुवटीचं, ओठांचं, आणखी कशाचं. भीती होती, पण भीतीपेक्षा जास्त, एखाद्या अनोळखी गावात सकाळी खिडकी उघडताना असते तशी उत्सुकता होती. तिनं पाण्याबरोबर दोन्ही गिळल्या आणि ब्रेडचा घास घेतला.

आई शिवण बाजूला ठेवून टेबलाशी आली, खुर्ची ओढून समोर बसली आणि दोन्ही कोपर टेकवून तिच्या चेहऱ्याकडे बघू लागली.

"आई, एवढ्यात काही होत नसतं. पंधरा दिवस लागतात."

"लागू देत," आई म्हणाली. "मला घाई नाही."